मिनिकॉयवर प्लेटचा वेग मोजायचाय? रिसीव्हर नंतर, खुंटी आधी

पुण्यात भूशास्त्र, सिव्हिल किंवा जिओइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्यांचे प्रस्ताव बहुधा एकाच साच्यातले असतात. भारी जीपीएस रिसीव्हर मिळवायचा, तो एखाद्या बेटावर न्यायचा, दोन दिवस चालवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा दोन दिवस, आणि वजाबाकी करून भारतीय प्लेटचा वेग काढायचा. आकडा येतोही, पण तो प्लेटचा नसतो. कललेला ट्रायपॉड, नारळाच्या झावळ्या आणि चुकीची संदर्भचौकट (निर्देशांक जिच्या सापेक्ष मोजतात ती) यांचा तो मिळून आलेला आकडा असतो.

भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे महिन्याला ४ मिलिमीटरच्या थोडं वर. अँटेना खुणेवर मांडताना १ सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, तर दोन महिन्यांची सरकण तिथेच बुडाली. खालच्या सूचना वाचताना हे गणित डोक्यात असू द्या.

उदाहरणाला मिनिकॉय घेतलंय. लक्षद्वीपचं हे दक्षिण टोक पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण ११०० किलोमीटरवर आहे. अंदमान मुद्दाम घेतलेलं नाही. ते प्लेटच्या सीमेवर बसलंय, आणि २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअर सुमारे ३ मीटर सरकलं. पहिल्याच प्रयोगात तो गुंता नको.

## १. कायमचं स्टेशन की दरवर्षीची मोहीम, हे आधी ठरवा

बेटावर महिन्यातून एकदा तरी स्टेशनकडे बघणारं, जबाबदार माणूस असेल तरच कायमच्या स्टेशनचा विचार करा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते बंद पडेल आणि तुम्हाला कळेल दिवाळीनंतर. माणूस नसेल तर मोहीम बरी: दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेवर, त्याच अँटेनाने किमान पाच पूर्ण दिवस.

किती वर्षं? एका मोहिमेची आडव्या दिशेतली खरी अनिश्चितता, मांडणीच्या चुकीसकट, ३ मिलिमीटर धरा. एक वर्षाच्या अंतराने दोनच मोहिमा केल्या तर वेगातली अनिश्चितता वर्षाला ४ मिलिमीटरच्या वर जाते. सलग पाच मोहिमा, म्हणजे चार वर्षांचा काळ घेतला, तर ती १ मिलिमीटरच्या आसपास येते. तेसुद्धा चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असं मानून. प्रत्यक्षात त्या असतात. कायमच्या स्टेशनलाही अडीच वर्षांच्या आत वेग जाहीर करू नका. हंगामी चढउतार सरळ रेषेत मिसळतात आणि वेग म्हणून दिसतात.

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी धरा. मे मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि बोटींचा भरवसा नसतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेगळा त्रास आहे, तो सहाव्या टप्प्यात येईल.

सावधान: एका वर्षी जानेवारी, दुसऱ्या वर्षी ऑगस्ट असं करू नका. पावसाच्या पाण्याचं आणि हवेचं ओझं जमिनीला वर्षभरात काही मिलिमीटर हलवतं. महिना बदलला की ते हलणं तुमच्या वेगात शिरतं.

## २. पुण्यातच उरकायची तयारी

अँटेना. पैसे कमी असतील तर रिसीव्हर जुना चालेल, अँटेना चांगला हवा. शक्यतो चोक-रिंग (परावर्तित सिग्नल अडवणाऱ्या कड्यांचा), आणि तो आयजीएसच्या, म्हणजे उपग्रह-स्थाननिश्चितीच्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या, कॅलिब्रेशन यादीत असायलाच हवा. यादीत तुमच्या डोमसह, म्हणजे अँटेनावरच्या झाकणासह, (डोम नसेल तर 'डोम नाही' अशी) नोंद आहे का, तेही बघा. अँटेनाचं विद्युत केंद्र त्याच्या भौमितिक केंद्रावर नसतं आणि उपग्रहाच्या दिशेप्रमाणे ते बदलतं. मॉडेल चुकलं तर उंचीत सेंटिमीटरांचा फरक पडतो. दरवर्षी तोच अँटेना, म्हणजे त्याच सीरियल नंबरचा.

रिसीव्हर किमान दोन फ्रिक्वेन्सींचा आणि कॅरिअर फेज (सिग्नलच्या लहरीचा नेमका टप्पा) नोंदवणारा हवा. जीपीएसच्या एल-१ सिग्नलची तरंगलांबी १९ सेंटिमीटर आहे आणि रिसीव्हर तिचा शंभरावा भाग वाचू शकतो. मिलिमीटर येतात ते इथून. आपल्या नाविक उपग्रहांचा सिग्नल मिळाला तर जरूर नोंदवा, पण हिशेब जीपीएस आणि युरोपच्या गॅलिलिओवर धरा.

वीज. रिसीव्हर ५ वॅट खातो असं धरलं तर दिवसाला १२० वॅट-तास लागतात. कायमच्या स्टेशनला पाच ढगाळ दिवसांची तजवीज हवी: ६०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नाही, म्हणजे १२०० वॅट-तास, अर्थात १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी. पावसाळ्यात रोज तीन तासांचंच उपयोगी ऊन आणि ३० टक्के गळती धरली तर पॅनेल किमान ५७ वॅटचं येतं. १०० वॅटचं घ्या. मोहिमेत बेटावरची वीज वापरा, पण ती चार्जरला द्या आणि रिसीव्हर बॅटरीवरच चालवा. वीज गेली तरी नोंद तुटत नाही.

मोठी बॅटरी विमानात नेता येत नाही. सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत, तीही १०० वॅट-तासांपर्यंत; १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्यामुळे सामान रेल्वेने एर्नाकुलमपर्यंत आणि पुढे कोचीहून बोटीने न्या, किंवा बॅटरी कोचीतच घ्या.

पोलाद. अँटेना धरायला खडकात किंवा इमारतीत कायमची रोवायच्या खुंटीसाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं. ३०४ ला खाऱ्या हवेत खड्डे पडतात. बोहरी आळीत दोन्ही मिळतात आणि दोन्ही सारखेच चकाकतात. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. मोलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबांची चाचणी करा किंवा कारखान्याचं प्रमाणपत्र मागा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. केबल, कनेक्टर, वितळून चिकटणारी रबरी टेप यांसाठी तापकीर गल्लीची एक चक्कर पुरते. सगळं दोन-दोन घ्या. बेटावर टीएनसी कनेक्टर मिळत नाही.

तालीम. खुंटी बसवायचा सराव काळ्या पाषाणावर करू नका, कारण मिनिकॉयला बेसाल्ट नाही, सच्छिद्र प्रवाळी चुनखडक आहे. कोकणातून येणारा जांभ्याचा चिरा आणा आणि त्यात भोक पाडून इपॉक्सी ओता. निम्मं इपॉक्सी छिद्रांत जिरून खुंटी सैल राहते हे इथेच दिसेल. मग घट्ट इपॉक्सी आणि आधी अस्तर हे तंत्र हाताला बसवा. वेताळ टेकडीवर ड्रिल घेऊन जाऊ नका. ती जमीन वनखात्याची आहे आणि टेकडीप्रेमी पुणेकर त्याहून कडक आहेत.

त्यानंतर सगळा संच गच्चीवर तीन दिवस सलग चालवा.

तपासणी: तीन दिवसांच्या तीन वेगळ्या फाईली आल्या का? प्रत्येकीतून आलेलं स्थान आडव्या दिशेत काही मिलिमीटरांत जुळतं का? जुळत नसेल तर पुणं सोडू नका.

परवाने. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, आणि खुंटी कायमची राहणार असेल तर जागेची लेखी परवानगी वेगळी. दोन्ही कामं महिनोन्‌महिने आधी सुरू करा. विमान अगत्तीपर्यंतच जातं, मिनिकॉयला बोट. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, 'असू दे जवळ' म्हणून घेऊ नका.

## ३. जागा निवडणं

पहिला पूर्ण दिवस फक्त जागेसाठी ठेवा. उतरल्याबरोबर अँटेना उभा करायची घाई होते आणि मग पाच वर्षं त्या जागेशी संसार करावा लागतो.

क्षितिजापासून १० अंशांच्या वर आकाश मोकळं हवं. मिनिकॉयवर नारळ सगळीकडे आहे, आणि आज छोटं दिसणारं झाड पाच वर्षांत आकाश झाकतं. झाड वाढलं की सिग्नल हळूहळू बिघडतो, आणि हळूहळू बिघडणारी गोष्ट वेगासारखीच दिसते.

पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर यांपासून लांब राहा. लगूनचं शांत पाणीही सिग्नल परावर्तित करतं.

खडक की इमारत? वरच्या वाळूखाली चुनखडकाचा टणक थर लागला आणि ठोकल्यावर भक्कम आवाज आला, तर खडक घ्या. थर पातळ किंवा सुटा वाटला, तर जुनी, एकमजली, तडे नसलेली आरसीसी इमारत जास्त विश्वासू. तिथेही खुंटी स्लॅबच्या मध्यावर नाही, कॉलमच्या डोक्यावर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मालकाशी आधीच बोला, नाहीतर दोन वर्षांनी खूण सिमेंटखाली सापडेल. दीपगृह मोहात पाडतं, पण उंच मनोरा उन्हाने रोज एका बाजूला झुकतो. तिथे नको.

सावधान: किनाऱ्यावरचा सुटा प्रवाळाचा मोठा दगड खडकासारखा दिसतो. पुढच्या वादळात तो जागा बदलेल.

## ४. खुंटी बसवणं

ट्रायपॉड शक्यतो टाळा. ओळंबा किंवा ऑप्टिकल प्लमेट बिघडलेला असला तरी जागेवर ते कळत नाही, आणि वाळूत पाय बसत जातात. खुंटीच्या माथ्यावर ५/८ इंची सर्व्हे थ्रेड पाडून घ्या आणि त्यावर ठरावीक लांबीचा, साधारण अर्ध्या मीटरचा दांडा बसवा. दरवर्षी तोच दांडा. मग केंद्र जुळवायचा प्रश्नच उरत नाही आणि उंची कायम राहते.

खुंटी स्पिरिट लेव्हलने अगदी उभी बसवा. अर्धा मीटर दांडा १ अंश कलला तर वरचं टोक जवळजवळ ९ मिलिमीटर सरकतं. दरवर्षी तसाच कलला तर वेगावर परिणाम नाही, असं कागदावर म्हणता येतं. पण थ्रेड एका वर्षी अर्धा फेरा जास्त आवळला गेला की कलही फिरतो.

इपॉक्सीला पूर्ण दिवस द्या. नंतर १० ते २० मीटरवर तीन साक्षी-खुणा वेगवेगळ्या दिशांना बसवा आणि मुख्य खुंटीपासूनची अंतरं व उंचीतले फरक टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्वेक्षण-यंत्राने) मोजा. हे काम कंटाळवाणं म्हणून सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं. पण चौथ्या वर्षी स्थान १२ मिलिमीटर उडी मारतं, तेव्हा प्लेट हलली की तुमचा दगड, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

## ५. अँटेना लावणं आणि उंची

अँटेनावरची उत्तर-खूण खऱ्या उत्तरेकडे करा, दरवर्षी तशीच. उंची मोजा ती खुंटीच्या ठरलेल्या बिंदूपासून अँटेनाच्या संदर्भबिंदूपर्यंत. हा बिंदू बहुधा तळाचा पृष्ठभाग असतो. तिरपी मोजली की उभी, हे नोंदवहीत शब्दांत लिहा आणि शेजारी चित्र काढा.

तीन बाजूंनी मिलिमीटरमध्ये मोजा, मग एकदा इंचांत. इंचांना २५.४ ने गुणून ताळा करा. टेपवर १० सेंटिमीटरची चूक वाचणारे डोळे दुसऱ्या एककात तीच चूक करत नाहीत. काम संपल्यावर, अँटेना काढण्याआधी, पुन्हा मोजा.

तपासणी: सुरुवातीची आणि शेवटची उंची १ मिलिमीटरच्या आत जुळायला हवी. नाही जुळली तर दोन्ही लिहा; सरासरी काढून पुसून टाकू नका.

सगळ्या कनेक्टरना रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल पाइपातून न्या. बेटांवर उंदीर फार आहेत. केबलला रिसीव्हरपाशी खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळेल, आत जाणार नाही.

## ६. नोंद

नोंद दर ३० सेकंदांनी, आणि रिसीव्हरमधली उंचीकोनाची मर्यादा ५ अंश किंवा त्याहून कमी. चाळणी नंतर लावता येते. न नोंदवलेला सिग्नल परत आणता येत नाही.

दिवस म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिवस. तो आपल्या घड्याळात पहाटे ५:३० ला सुरू होतो. सोमवारी दुपारी रिसीव्हर सुरू केलात तर पहिला पूर्ण दिवस मंगळवारी पहाटे ५:३० पासून मोजा. पाच दिवस रविवारी पहाटे ५:३० ला पूर्ण होतात. शनिवारी संध्याकाळी बोट आहे म्हणून गुंडाळलंत तर चारच मिळाले.

दिवसा चार-सहा तास चालवून भागेल का, असं हमखास विचारलं जातं. भागत नाही. परावर्तनाच्या चुका उपग्रहांच्या फेऱ्यांबरोबर येतात-जातात आणि २४ तासांत बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. चार तासांत खोडत नाहीत. शिवाय मिनिकॉय चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) खवळतं आणि सिग्नल लुकलुकतो, विशेषतः विषुवदिनांच्या महिन्यांत आणि सौर डाग वाढलेल्या वर्षांत. संध्याकाळचा तुटक डेटा पाहून घाबरू नका, पण फक्त संध्याकाळच्या सत्रावर विसंबू नका.

तपासणी: रोज सकाळी साडेपाचनंतर फाईल उतरवा, आकार कालच्याइतका आहे का बघा, तीन ठिकाणी प्रत ठेवा. त्यातली एक प्रत वेगळ्या माणसाच्या बॅगेत.

## ७. घरी आल्यावर: प्रोसेसिंग

दोन आठवडे थांबा. उपग्रहांच्या अंतिम कक्षा आणि घड्याळं तेवढ्या काळाने येतात. घाईने काढलेलं उत्तर काही वेळा बरोबरच असतं, पण दरवर्षी एकाच प्रतीची कक्षा वापरलेली बरी.

कच्ची फाईल रायनेक्स या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदला आणि हेडर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा: अँटेनाचं नाव, डोमचा कोड, उंची. ऑनलाइन सेवा हेडरवर विश्वास ठेवतात. अँटेनाचं नाव एका अक्षराने चुकलं तर काही सेवा दुरुस्ती शून्य धरून पुढे जातात आणि तळटिपेत तेवढं सांगतात. तळटीप वाचा.

सुरुवातीला कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी किंवा ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस ही ऑनलाइन सेवा पुरे. नंतर गॅमिट, बर्नीज ही सॉफ्टवेअर शिका. चुका होतात त्या इथे:

चौकट. सीएसआरएस-पीपीपीमध्ये नॅड-८३ आणि आयटीआरएफ (सगळ्या पृथ्वीसाठीची आंतरराष्ट्रीय चौकट) असे पर्याय असतात. नॅड-८३ उत्तर अमेरिकेला बांधलेली आहे. तिच्यात मिनिकॉयचा वेग निरर्थक येईल. ऑसपॉसच्या अहवालात ऑस्ट्रेलियाची चौकटही असते. दोन्हीकडे आयटीआरएफ.

तारीख. निर्देशांक मोजणीच्या तारखेचेच ठेवा. ते एखाद्या ठरावीक वर्षावर 'आणून' देणारा पर्याय वापरलात तर प्लेटची सरकण मॉडेलने आधीच काढून टाकलेली असते, आणि तुम्ही उरलेल्या शून्याचा अभ्यास करत बसता.

आवृत्ती. आयजीएसची उत्पादनं २७ नोव्हेंबर २०२२ पासून आयजीएस-२० चौकटीत आहेत. त्याआधीच्या मोहिमांचे जुने निकाल नव्यांशेजारी ठेवू नका; सगळ्या फाईली एकाच चौकटीत पुन्हा चालवा.

दशांश. अक्षांश-रेखांश अंशांत लिहिताना सहा दशांश म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. एक्सेलने आकडा गोल केला की दोन वर्षांची सरकण गेली. नऊ दशांश ठेवा, किंवा थेट एक्स, वाय, झेड मीटरमध्ये चार दशांशांपर्यंत.

भरतीचं ओझं. जमीनसुद्धा चंद्र-सूर्यामुळे रोज वरखाली होते, काही डेसिमीटर. ते सॉफ्टवेअर स्वतः काढतं. समुद्राच्या भरतीच्या ओझ्याचं मात्र बऱ्याच सॉफ्टवेअरना वेगळं सांगावं लागतं. बेटावर ते वगळून चालत नाही.

तपासणी: हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या आयजीएस स्टेशनच्या त्याच दिवसांच्या फाईली त्याच सेटिंगने चालवा. त्यांचा प्रसिद्ध वेग तुमच्या पद्धतीने येत नसेल, तर मिनिकॉयचाही बरोबर नाही.

## ८. वेग काढणं आणि त्याला प्लेटशी ताडून बघणं

पूर्व, उत्तर आणि उंची वेगवेगळी मांडा. प्रत्येकीत काळाप्रमाणे सरळ रेषा बसवा. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा: एखाद्या वर्षी तिन्हींत उडी असेल तर आधी नोंदवही उघडा, भूकंपाचा विचार त्यानंतर. नोंदवहीत काही सापडलं नाही, तर मोठ्या भूकंपांच्या तारखा तपासा.

सॉफ्टवेअर जी अनिश्चितता छापतं ती खूपच आशावादी असते, कारण ते प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र धरतं. तुमच्या पाच दिवसांची आपापसातली पांगापांग आणि वर्षावर्षांतली पांगापांग, यांतली मोठी ती खरी माना.

ताडायला आयटीआरएफ-२०१४ चं प्लेट-मॉडेल घ्या. त्यातले भारतीय प्लेटच्या फिरण्याचे तीन आकडे वापरले की मिनिकॉयला उत्तरेकडे सुमारे ३४ आणि पूर्वेकडे ४३ मिलिमीटर, एकूण वर्षाला जवळपास ५५ येतात. पुण्याला उत्तरेकडे तेच ३४, पण पूर्वेकडे ३९ ते ४०, एकूण ५२.

इथेच सगळ्यात मोहक चूक होते. दोन्हींची वजाबाकी करून लोक लिहितात, 'पुणे आणि मिनिकॉय एकमेकांच्या सापेक्ष वर्षाला साडेतीन मिलिमीटर सरकतात, म्हणजे मधली प्लेट विरूप होते आहे.' तसं काही नाही. प्लेट गोल पृथ्वीवर एका ध्रुवाभोवती फिरते, त्यामुळे तिच्या दोन जागांचे पूर्व-उत्तर वेग वेगळे असायलाच हवेत. आधी प्रत्येक जागेवरचा मॉडेलचा वेग वजा करा आणि मग उरलेले वेग ताडा. मिनिकॉयला १-२ मिलिमीटर उरले तर तुमचं काम नीट झालंय. ४-५ उरले तर क्रमाने तपासा: दांडा तोच होता का, अँटेनाचं नाव, संदर्भचौकट, साक्षी-खुणांची अंतरं.

उंचीचा वेग शेवटी आणि जपून लिहा. त्याची अनिश्चितता आडव्यापेक्षा साधारण तिप्पट असते, आणि प्रवाळाचं बेट स्वतःच्या वजनानेही बसतं. पाच मोहिमांच्या जोरावर बेट किती बुडतंय याची बातमी देऊ नका. कच्च्या फाईली, नोंदवहीची छायाचित्रं आणि अँटेनाचा सीरियल नंबर मात्र निकालासोबतच जपून ठेवा. पुढची चौकट आली की सगळं पुन्हा चालवावं लागणार आहे.